तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दाताच्या गोळ्या

दरवर्षी मे महिन्यात साताऱ्याला आले की बॅग पुरती उघडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "त्या दाताच्या गोळ्या आणल्यास ना? आणि खरंच गं, गोड असूनही त्यांनी दात किडत नाहीत?" आई विचारते, आत्या विचारते, शेजारच्या काकू नातींसाठी एक डबी मागून नेतात. आजवर मी "हो, चांगल्या असतात" एवढ्यावर भागवत आले. यंदा वहिनीनं विचारलं तेव्हा तिच्या मांडीवर माझा साडेतीन वर्षांचा भाचा बसला होता. वरचे पुढचे चारही दात काळे पडून झिजलेले. गार पाणी लागलं की कळवळायचा. त्या दिवशी अर्धवट उत्तर देववेना, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

त्या गोळीतल्या गोडाचं नाव झायलिटॉल. मी राहते त्या फिनलंडमध्ये त्याला 'कोइवुसोकेरी' असंही म्हणतात, म्हणजे भूर्जाची साखर. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्या हिमालयातल्या भूर्जाचंच हे उत्तरेकडचं भावंड. त्याच्या लाकडातून हे गोड काढायचे. आता बरंचसं दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांपासून बनतं. गोडी साखरेएवढीच, आणि तोंडात विरघळताना ते उष्णता शोषून घेतं, म्हणून जिभेला गारवा जाणवतो. फळं-भाज्यांत ते थोडं थोडं असतं, आपलं शरीरही थोडं तयार करतं. पण 'नैसर्गिक' आहे म्हणून ते दातांना चांगलं, असं मात्र नाही. गूळ नैसर्गिकच आहे, मध नैसर्गिकच आहे, खजूरही. त्यांनीही दात किडतात. हे मी घरात सांगते तेव्हा आईला पटत नाही, तरी दर वेळी सांगते.

दात किडतो कसा ते आधी सांगायला हवं. दातांवर जो चिकट थर बसतो त्यात स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स नावाचे जंतू असतात. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या कठीण आवरणातली खनिजं विरघळू लागतात. लाळ हळूहळू ते आम्ल निवळते, पण त्याला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. तेवढ्यात पुन्हा एक बिस्किट तोंडात गेलं, की सगळं पहिल्यापासून सुरू. म्हणजे एका बैठकीत दोन लाडू खाल्लेले दातांना एक वेळ चालतील, पण एकच लाडू दिवसभर तुकड्या-तुकड्यानं खाल्लेला चालणार नाही. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांच्या दृष्टीनं फार मोठं आहे.

झायलिटॉल या जंतूला पचत नाही. जंतू ते साखर समजून आत घेतो, पण त्यातून त्याला काही मिळत नाही. उलट ते बाहेर टाकण्यात त्याची ताकद खर्च होते. आम्ल तयार होत नाही. शिवाय चघळल्यामुळे लाळ सुटते, आणि दाताची झीज भरून काढायला लाळेसारखं औषध नाही.

हे उघडकीला आलं ते मी राहते त्याच गावात, तुर्कूमध्ये. १९७२ साली तिथल्या विद्यापीठात आरये शाइनिन आणि काउको मॅकिनेन यांनी १२५ जणांचे तीन गट केले. एका गटाच्या खाण्यात नेहमीची साखर, दुसऱ्याच्या फळांतली साखर म्हणजे फ्रुक्टोज, तिसऱ्याच्या झायलिटॉल. दोन वर्षांनी मोजलं तेव्हा साखरवाल्यांच्या दातांवर कीड लागलेल्या जागा सरासरी ७.२ नं वाढल्या होत्या, फ्रुक्टोजवाल्यांच्या ३.८ नं, आणि झायलिटॉलवाल्यांच्या जवळपास शून्य. १९७५ मध्ये हे निकाल छापून आले आणि त्याच वर्षी फिनलंडच्या बाजारात झायलिटॉलचं च्युइंग गम आलं.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती लेकीच्या जन्मानंतर. तिकडे गरोदरपणापासून मूल शाळेत जाईपर्यंत 'नेउवोला' नावाच्या केंद्रात तपासणीला जायचं असतं. लेकीला एकही दात आला नव्हता, आणि तिथल्या नर्सबाईंनी मलाच विचारलं, "तुमचे दात कसे आहेत?" माझ्या तीन दाढांना रूट कॅनल झालेलं. त्या म्हणाल्या, मग तुम्ही जेवणानंतर झायलिटॉल चघळा, आणि बाळाच्या खाण्याची चव ज्या चमच्यानं घ्याल तो बाळाच्या तोंडात घालू नका. दात किडवणारे जंतू बाळ जन्मताना घेऊन येत नाही. बहुतेक वेळा ते आईच्या तोंडातून जातात. मला एकदम आजी आठवली. भात आधी आपल्या तोंडात घालून, गरम नाही ना पाहून, मऊ करून ती आम्हाला भरवायची. त्या घासात केवढी माया होती, आणि त्यातूनच आणखी काय काय आमच्याकडे आलं असेल, या विचारानं मी त्या खोलीत गप्प झाले.

फिनलंडमधल्याच इलिविएस्का गावात याचा अभ्यास झालेला आहे. ज्या आयांनी मूल दोन वर्षांचं होईपर्यंत झायलिटॉलचं गम चघळलं, त्यांच्या मुलांच्या दातांत पाचव्या वर्षी इतर उपाय केलेल्या आयांच्या मुलांपेक्षा कीड सुमारे ७० टक्क्यांनी कमी होती. मुलांनी काही खाल्लेलंच नव्हतं. चघळलं होतं आयांनी. लेक पुढे पाळणाघरात जायला लागली, तेव्हा दुपारचं जेवण झालं की बाई डबी घेऊन फिरायच्या आणि सगळी पोरं रांगेनं हात पुढे करायची.

आता दुसरी बाजू, कारण वहिनी मला खरं सांग म्हणाली होती. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेनं १० अभ्यास, जवळजवळ ५,९०० माणसं, अशी सगळी माहिती एकत्र तपासली. फ्लोराइडच्या टूथपेस्टमध्ये झायलिटॉल घातल्यानं कीड आणखी १३ टक्क्यांनी कमी झाली, आणि तो पुरावाही कच्चाच होता. गम, गोळ्या वगैरेंबद्दल ठाम बोलण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. मी तरीही चघळते. पण सकाळ-रात्रीचं फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासणं चुकवून नाही.

म्हणून भाच्यासाठी मी वहिनीला गोळी देण्याआधी रात्रीची बाटली बंद करायला सांगितलं. साखर घातलेलं दूध पीत तो झोपायचा. झोपेत लाळ फार कमी सुटते, दूध दातांवर रात्रभर राहतं, आणि पुढचे वरचे दात आधी जातात. तिला कुणीतरी सांगितलं होतं, "दुधाचेच दात, पडणारच आहेत." पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, आणि मुळाशी पू झाला तर खालचा पक्का दात बिघडू शकतो. बाटलीत आधी दूध कमी करत न्यायचं, मग नुसतं पाणी. वाटाण्याएवढी पेस्ट, घासायचं मोठ्यानंच. आणि मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात. गेलेला दात कुठलीही गोळी परत आणत नाही.

गोळी घ्यायचीच तर जेवण किंवा खाणं झाल्यावर लगेच, दिवसातून तीन-चार वेळा, मोठ्या माणसानं मिळून पाच ग्रॅमच्या आसपास. मूल नीट चघळू शकेल एवढं झाल्याशिवाय नाही, घशात अडकते. आपल्याकडच्या दुकानात 'शुगर फ्री' लिहिलेलं गम बहुतेकदा सॉर्बिटॉल नावाच्या दुसऱ्याच गोडाचं असतं; पाकीट उलटून पाहा, घटकांत झायलिटॉल पहिलं हवं. एकदम जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, जुलाब होतात.

चहात, शिऱ्यात साखरेऐवजी घालू का, असंही काकूंनी विचारलं. मी नको म्हणाले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना एकदम ३० ग्रॅम झायलिटॉल घातलेलं पेय प्यायल्यावर रक्तात गुठळ्या होण्याकडे कल वाढलेला दिसला. दाताला पुरतं तेवढं चघळणं आणि वाटीनं खाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि एक, हे विसरू नका. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी डबी त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नये. माणसाला जे चालतं ते कुत्र्याला विष आहे: रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, यकृत निकामी होऊ शकतं, थोड्या गोळ्याही पुरतात. आमच्या साताऱ्याच्या घरी मोत्या आहे, म्हणून निघताना मी डबी स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर, हळदी-कुंकवाच्या डब्याशेजारी ठेवून आले आहे.