निपाणी ते खानापूर: पांढऱ्या दवाखान्यात शूटिंग करणार असाल तर काळा कपडा न्या

"आमचा दवाखाना एकदम ब्राइट आहे, तुम्हाला लाईट लागणारच नाही." निपाणीत हे ऐकलं, चिकोडीत ऐकलं, बेळगावातही ऐकलं. विश्वास ठेवू नका. डॉक्टरांना तिथे दात दिसतात, टाके दिसतात, त्यांचं भागतं. आपल्याला चेहरा हवा असतो आणि अशा खोलीत सगळ्यात काळवंडलेला तोच असतो.

छोट्या दवाखान्यांचे पेशंटसाठीचे माहितीपट करत कोल्हापूरहून निघालो होतो. कॅमेरा हाताळता येतो, स्टँड-क्लॅम्प जवळ आहेत, असं धरून पुढचं लिहितोय.

कर्नाटकच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून निपाणीत शिरलो आणि पहिल्याच दातांच्या दवाखान्यानं घाम काढला. खोली जेमतेम 8 बाय 10 फूट. फॉल्स सीलिंगमध्ये चौकोनी एलईडी पॅनेल, खांद्यापर्यंत पांढऱ्या टाइल्स, खाली पांढरी फरशी. उजेड थेट डोक्यावर पडतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि मागची भिंत चेहऱ्यापेक्षा उजळ. चेहऱ्याला एक्स्पोजर द्यावं तर भिंत जळून पार पांढरी होते, भिंत सांभाळावी तर डॉक्टर काळे पडतात. भाड्याचा मोठा सॉफ्टबॉक्स (मऊ उजेड देणारी कापडी पेटी) लावला तर प्रकाश चारही भिंतींवरून परत आला, सावलीच उरली नाही आणि चेहरा पासपोर्ट फोटोसारखा सपाट झाला. एवढ्याशा खोलीत मोठा लाईट नेऊच नका.

त्यात चित्रात दिसणारे पट्टे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिव्याचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. सेकंदाला 25 फ्रेम असताना शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की बहुतेक दिवे शांत होतात. तिथे मात्र नंतर बदललेली दोन स्वस्त पॅनेलं होती, त्यांचे पट्टे काही केल्या हटेनात. अशा पॅनेलशी झगडत बसू नका, बटण बंद करा.

शेवटी जमलं ते असं. छताचे सगळे दिवे बंद. एकच लहान लाईट, ट्रेसिंग (उजेड मऊ करणारा अर्धपारदर्शक कागद) लावून, चेहऱ्यापासून 3 फुटांवर, बाजूनं. दुसऱ्या बाजूला फ्रेमच्या अगदी काठापर्यंत काळा कपडा. लाईटच्या वर छताला काळा कपडा. फरशीवरही काळा कपडा, कारण पांढरी फरशी खालून हनुवटी उजळवते. खुर्ची भिंतीपासून ओढून पुढे घेतली. लाईटपासून चेहरा 3 फूट आणि भिंत 6 फूट असेल तर भिंतीवर चौथा हिस्सा प्रकाश पोहोचतो, म्हणजे भिंत 2 स्टॉप खाली. पण हा हिशोब भिंतींवरून परत येणारा प्रकाश काळ्यानं अडवला तरच जमतो. मॉनिटरवर डॉक्टरांच्या गालाला पहिल्यांदा गोलाई दिसली तेव्हा सगळा थकवा उतरला. ॲप्रन झेब्राच्या (कॅमेऱ्यात फार उजळ भागावर उमटणाऱ्या तिरक्या रेघांच्या) 95 खाली ठेवा, म्हणजे त्याच्या चुण्या दिसत राहतात. टाइल्सवरची चमक लेन्सवरच्या पोलरायझर फिल्टरनं बरीच मरते, स्टीलच्या ट्रेवरची मरत नाही. ट्रे थोडा तिरका करा.

आता अगदी महत्त्वाचं. खऱ्या पेशंटच्या दातात कॉम्पोझिट भरणं चालू असेल तर आपला लाईट तोंडावर नको. ते मटेरियल निळ्या प्रकाशानं घट्ट होतं आणि आपल्या डेलाइट एलईडीत निळा भरपूर असतो. डॉक्टर छोट्या पट्टीनं मटेरियल दाबत होते, मध्येच थांबून म्हणाले, "अहो, तेवढा लाईट बाजूला घ्या, सेट व्हायला लागलंय." त्यांच्या हातातला, निळा प्रकाश अडवणारा नारिंगी चष्मा उगाच नसतो. हा भाग दातांच्या मॉडेलवर शूट करा किंवा भरणं संपल्यावर.

बेळगावात लाईट भाड्यानं देणाऱ्या एकानं फोनवर 1800 सांगितले. परत करताना लाईटबॉयचा भत्ता, निपाणीचं 'आऊटस्टेशन' आणि ओव्हरटाइम धरून बिल दुपटीच्या वर नेलं. वर 'ब्लॅक क्लॉथ' म्हणून दिलं ते चकचकीत अस्तर, जे स्वतःच उजेड फेकतं. भाडं, माणूस, गाव, तास हे सगळं आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि कपडा भाड्यानं घेऊच नका. खडेबाजारात काळं सुती पॉपलिन मोठ्या पन्ह्याचं मिळतं, तेच घ्या. ते एकदा धुऊन न्या, निर्जंतुक ट्रेवर कधीही टांगू नका, आणि भिंतीला मास्किंग टेपच लावा, सेलोटेपनं रंग सोलतो.

खानापूरला काहीच अडलं नाही. कौलारू घर, एक खिडकी, पिवळट चुना. अर्ध्या दिवसात आटपलं.

संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही न्या, कारण बाकावरचा पेशंट कोणतं वाचतो ते आधी कळत नाही. सोनोग्राफीच्या खोलीत मशीन जागेवरून हलवायला सांगू नका. 1994च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली त्याची नोंद त्या जागेची असते, डॉक्टर अडचणीत येतील. आणि लाईट गेली तर दवाखान्याच्या इन्व्हर्टरवर आपला दिवा लावू नका, त्यावर लसींचा फ्रिज चालू असू शकतो. आपल्या बॅटऱ्या रात्री लॉजवर भरून ठेवा, सकाळी निघताना एकेक लावून तपासा.