शटरला तेल

दर तीन महिन्यांनी मी आमच्या गाळ्याचं शटर उघडायला जाते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत तेल सोडायचं, दोनदा वर-खाली करायचं, कुलूप लावून परत. नाहीतर गंजून बसतं. व्हीआरएसच्या पैशांतून बाबांनी घेतलेला हा दीडशे फुटांचा गाळा, इंदूरच्या एका मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर. नाव सांगत नाही, गिऱ्हाईक मिळायची आशा अजून सुटलेली नाही.

बिल्डरने गाळे सुटे सुटे विकले. जितके गाळे तितके धनी, मग कोण कुणाचं ऐकतंय? एकाच ओळीत मोबाइल कव्हरची चार दुकानं. मेन्टेनन्सवरून भांडणं. आधी एसी गेला, मग लिफ्ट, मग माणसं. बाबांनी शेवटपर्यंत त्याला ‘आपलं दुकान’च म्हटलं.

पण खरं सांगू? मला आता तो मॉल आवडायला लागलाय. अकराच्या सुमाराला वरच्या मळकट घुमटातून ऊन थेट तळमजल्यापर्यंत उतरतं आणि त्यात धूळ तरंगत राहते. बंद एस्कलेटरच्या पट्ट्यावर चौकीदारभैयाचे दोन शर्ट वाळत असतात. जिन्यासमोर नेलपॉलिशची जुनी जाहिरात आहे. त्यातली लाल-पिवळी शाई उन्हाने उडाली, निळी तेवढी टिकली. बाईचे ओठ निळे, नखं निळी, हसू तेच. नवी होती तेव्हा मी तिच्याकडे कधी धड पाहिलंही नव्हतं.

काल भैयाने खालूनच हाक मारली, “दीदी, आज मत खोलो.” शटरच्या पेटीवर कबुतरीण बसली होती. चार काड्या, एक तुटका केबल टाय आणि दोन अंडी. महिनाभर तरी थांबा, म्हणाला. मी थांबले. कुणाचं काय अडलंय?

वेळ हाताशी होता, म्हणून कृष्णपुऱ्याला उतरले. राजवाड्याची गर्दी दोन मिनिटांवर, हॉर्न ऐकू येतात, पण छत्रीच्या, म्हणजे होळकर राजघराण्याच्या स्मारकाच्या, पायऱ्या चढलं की दगडाचा गारवा. एक छत्री कृष्णाबाई होळकरांची, त्या १८४९ मध्ये गेल्या. शेजारी दुसरे तुकोजीराव, १८८६, आणि त्यांचे चिरंजीव शिवाजीराव, १९०८. शिवाजीरावांनी १९०३ मध्येच मुलासाठी गादी सोडली होती. बाप गादीवर असताना गेला, मुलगा गादी सोडून, आणि आता दोघे शेजारी. बाहेरच्या भिंतीवर दगडी शिपाई, वाजंत्री. एकाचं नाक झिजून सपाट झालंय, तरी पहारा चालूच. खाली कान्ह नदी. तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

आईचा फोन आला. “कुठे आहेस गं?”

“छत्रीवर.”

“ऐन दुपारी? तिथे काय ठेवलंय? आणि शटरचं झालं का?”

“झालं,” म्हटलं. पर्समध्ये तेलाची बाटली सांडली होती. रुमाल, किल्ल्या, पोह्यांवर घ्यायची जिरावनची पुडी, सगळं चिकट.