एलटीई-वायफाय पेटी: बँड बघून चॅनल धरायचा

मंडळी, पेटीचं काम बरंच पुढं सरकलंय म्हणून ही नोंद. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, हातात मावेल एवढी पेटी, आत बाहेरची अँटेना लागणारं ईएसपी32 (वायफाय-ब्लूटूथवाली छोटी चिप), एक एलटीई म्हणजे 4जी मॉडेम (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचे ठरलेले पट्टे, त्यातले 3, 5, 8, 40 सगळे घेणारं), शेतातले ओलावा मोजणारे नोड वायफायवरनं पेटीला रीडिंग देतात आणि पेटी ती एलटीईवरनं पुढं ढकलते, जागा कळायला मॉडेममधलंच जीपीएस. चालवायची मामांच्या शेतात, खानापूरच्या पुढं जांबोटीच्या वाटेला.

बेळगावात टिळकवाडीला टेबलावर सगळं झकास चालतं. शेतात मात्र एलटीईवर डाटा जायला लागला की नोड गळतात, डाटा थांबला की आपोआप परत येऊन बसतात. रेंज कमी म्हणून असं होतं असं सगळेच म्हणतात, पण नोड तर पेटीपासून हाकेच्या अंतरावर आहेत, वायफायला रेंजची अडचण असायचं कारणच नाही की.

कारण आहे पॉवर. टॉवर जवळ असला की नेटवर्क मॉडेमला हळू बोलायला लावतं, टॉवर लांब गेला की मॉडेम वर चढत चढत 23 डीबीएम (पॉवरचं माप, दर 10 ला दहापट) म्हणजे 200 मिलीवॅटपर्यंत जातं. माझ्या पेटीत दोन अँटेनांमधला आयसोलेशन, म्हणजे एकीचा सिग्नल दुसरीवर पोचेपर्यंत किती घटतो ते, नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं यंत्र, 3 गिगाहर्ट्झवालं व्ही2) 15 डीबीच्या आसपास दिसतोय, एवढ्याशा पेटीत त्याहून फार जास्त मिळत नाही. म्हंजे एलटीईचा 8 डीबीएम सरळ वायफायच्या अँटेनावर आपटतो, आणि त्याच वेळी वायफायला ऐकायचा असतो त्यातल्या त्यात लांबच्या नोडचा उणे 70 डीबीएमचा आवाज. गणपती मिरवणुकीत डॉल्बीला खेटून उभं राहायचं आणि कुणीतरी कानात सांगितलेलं ऐकायचं, तसला प्रकार. म्हणून ही टेस्ट शहरात करून काही हाती लागत नाही, रेंज जिथं मरते तिथंच करायला पाहिजे, जांबोटी-कणकुंबीकडची झाडी त्यासाठी एकदम योग्य जागा.

आता बँड 40. हा 2300 ते 2400 मेगाहर्ट्झ, आपल्याकडं 2010 च्या लिलावापासूनचा, टीडीडी, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आलटून पालटून. आणि वायफाय-ब्लूटूथचा पट्टा सुरू होतो 2400 ला. मध्ये कुंपणच नाही! वायफायचा चॅनल 1 साधारण 2401 ते 2423 व्यापतो, म्हणजे अगदी बांधावर बसलेला. तुमचा टॉवर नक्की कुठं बोलतोय ते काढायला मॉडेमकडनं ईएआरएफसीएन (एलटीईच्या फ्रिक्वेन्सीचा क्रमांक) घ्या, त्यातनं 38650 वजा करा, 10 ने भागा, 2300 मिळवा, झाला मधला मेगाहर्ट्झ. 39150 आला तर 2350. त्यात कॅरिअरची (टॉवर वापरतो त्या तुकड्याची) निम्मी रुंदी मिळवली की 2400 पासून किती लांब आहात ते कळतं.

उलट दिशेनंही मार बसतो आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वायफाय पाठवत असताना एलटीईचा आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) जागचा हलत नाही पण एसआयएनआर (गोंगाटाच्या मानानं सिग्नल किती) धाडकन पडतो. सिग्नल तेवढाच, गोंगाट वाढला. हे दोन आकडे शेजारी शेजारी लॉग करा, एक स्थिर आणि दुसरा वायफायच्या तालावर खालीवर होत असला तर दोष पेटीच्या आत आहे, टॉवरला नावं ठेवू नका.

फिल्टर लावून टाक असं बऱ्याच जणांनी सुचवलं. फिल्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे, वायफायच्या बाजूला लावलेला फिल्टर अर्धंच काम करतो. तो एलटीईचा मूळ दणका अडवतो, वायफायचा रिसीव्हर बहिरा होत नाही हे खरं, पण एलटीईच्या पॉवर अँप्लिफायरमधनं जी सांडलवंड 2400 च्या वर येते ती तर वायफायच्या स्वतःच्या पट्ट्यातच पडते, ती ह्या फिल्टरला कशी अडणार? ती पाठवणाऱ्याच्या तोंडाशीच अडवावी लागते. शिवाय साधा सॉ फिल्टर (एसएडब्ल्यू, स्वस्तातला प्रकार) तापला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते, डिग्रीला साधारण 40 पीपीएम (दहा लाखात 40) धरा, 40 डिग्रीचा फरक पडला तर 2400 वर जवळजवळ 4 मेगाहर्ट्झ. अथणीकडच्या उन्हात बंद पेटीत हे सहज होतंय. मोबाईलवाले म्हणूनच बॉ (बीएडब्ल्यू) फिल्टर वापरतात, धारही जास्त आणि सरकतोही कमी.

मोठ्या कंपन्या फिल्टरच्या पुढं जाऊन वेळ वाटून घेतात. 3जीपीपीच्या (मोबाईल नेटवर्कची मानकं ठरवणारी संस्था) रिलीज 11 मध्ये फोन टॉवरला सांगू शकतो की ह्या फ्रिक्वेन्सीवर माझ्या आतच भांडण लागलंय, मग टॉवर एकतर दुसरा बँड देतो नाहीतर मध्ये मध्ये शांततेच्या फटी पाडून देतो. ब्लूटूथ 4.1 मध्ये (2013) एलटीईशी जुळवून घ्यायचे सिग्नल आले. माझ्या पेटीत दोन चिपांमध्ये असली तार नाही, पण मला मिलिसेकंदाची गरजच काय? ओलावा काही क्षणाक्षणाला बदलत नाही. म्हणून पेटी आता आधी सगळ्या नोडचं ऐकून घेते, त्या वेळी मॉडेम आयडल, मग वायफाय गप्प आणि सगळा डाटा एका दमात एलटीईवर. एवढ्यानंच नोड गळणं जवळजवळ थांबलं. वायफायची पॉवरही कोडमधनं खाली आणली, जवळच्या नोडसाठी पूर्ण ताकद लावायचं काही कारण नाही. ब्लूटूथचं फारसं काही करावं लागलं नाही, जोडणी झाल्यावर ते खराब चॅनल स्वतःच टाळतं, आणि बीएलईची (कमी बॅटरी खाणाऱ्या ब्लूटूथची) हाक 2402, 2426 आणि 2480 अशा तीन ठिकाणी जाते, बांधावरची पहिली बुडाली तरी दोन राहतात.

पण कधी कधी दोन्ही रेडिओ एकदम चालवावेच लागतात, मामा शेतात उभं राहून मोबाईलवर पेटीचा लाइव्ह आलेख बघतात तेव्हा. तिथं चॅनल निवडावाच लागतो, आणि मला सगळ्यात जास्त मजा इथं आली. बँड 40 वर असाल तर चॅनल 11, हे उघड आहे. पण जीपीएस चालू असेल तर वेगळाच खेळ. दोन सिग्नल कुठल्याही नॉनलिनिअर भागात (जिथं सिग्नल जसाच्या तसा न जाता वाकडा होतो) मिसळले की त्यांच्या फ्रिक्वेन्सींची वजाबाकी तयार होते, आणि जीपीएस बसतंय 1575.42 वर. वायफाय वजा एलटीई तिथं पडलं की जीपीएस बुडालं, म्हणून उलटीकडनं बघायचं, कुठली एलटीई फ्रिक्वेन्सी नडेल ते. वायफाय चॅनल 1 मधनं 1575 वजा केलं की येतात साधारण 826 ते 848, आणि बँड 5 चा अपलिंक (मॉडेम टॉवरला पाठवतं तो भाग) आहे 824 ते 849! अख्खा चॅनल त्यातच. चॅनल 11 घेतला की 876 ते 898, म्हणजे बँड 8 च्या अपलिंकला (880 ते 915) धडक. चॅनल 6 ला मात्र 851 ते 873 येतात, तिथं ह्या दोन्हीपैकी कुणाचाच अपलिंक नाही. कागदावर आकडे मांडले आणि मग शेतात जीपीएसचे उपग्रह त्याच क्रमानं गळताना बघितले, मन भरून आलं.

म्हणून चॅनल एकदाच ठरवून ठेवायचा नाही. पेटी मॉडेमला सर्व्हिंग सेल (आत्ता जोडलेला टॉवर आणि त्याचा बँड) विचारते, बँड 40 असला तर 11, बँड 5 किंवा 8 असला तर 6, आणि बँड 3 असला तर आहे तोच ठेवते. चॅनल बदलला की नोडना परत जोडायला थोडा वेळ लागतो म्हणून बँड काही काळ टिकला तरच बदल, नाहीतर दोन टॉवरच्या मधल्या जागेत नुसती उड्याउडी होते.

आपल्या भागात हे जास्तच लागतं. निपाणीच्या पुढं कोगनोळीला एक टॉवर कर्नाटक सर्कलचा (सर्कल म्हणजे मोबाईल परवान्याचा विभाग) आणि पलीकडचा महाराष्ट्र सर्कलचा, कणकुंबीच्या खाली चोर्ल्याकडं उतरलं की गोव्याचा, तोही महाराष्ट्र सर्कलमध्येच धरतात. सर्कल बदलला की कंपन्यांकडचे बँडही बदलू शकतात, पेटी तीच, जागा दोन पावलं सरकली आणि भांडणारी जोडी वेगळी.

पुढचं काम, मॉडेमवर पत्र्याचं झाकण आणि दोन अँटेना एकमेकींना काटकोनात, त्यानं आयसोलेशन किती सुधारतो ते मोजायचंय. कोगनोळी, कागवाड किंवा चंदगडच्या हद्दीवर राहणाऱ्या कुणाकडं मॉडेम असेल तर बँड, ईएआरएफसीएन, आरएसआरपी आणि वायफाय चालू-बंद असतानाचे दोन्ही एसआयएनआर एवढं पाठवा, चॅनलच्या तक्त्यात घालतो.