रॅमसोर्स मिल: गणवेश नसलेली लढाई

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ॲशव्हिलला पाहिलेल्या फॉल कलर्सबद्दल एवढंच सांगते की झाडं सुंदर होती आणि ती बघायला अर्धं कॅरोलिना लोटलं होतं. ब्लू रिज पार्कवेवर वळणावळणाला गाड्या उभ्या आणि माणसं पानांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. हॉटेलचं भाडं किती झालं ते लेकीने मला अजून सांगितलेलं नाही.

लिहायला बसले ती परतीच्या वाटेवरच्या लिंकन्टनमुळे. हिकरीहून दक्षिणेला वळलं की हे छोटं गाव लागतं. आमचे जावई इतिहासवेडे. "आई, पंधरा मिनिटं फक्त," असं ते म्हणाले तेव्हाच लेकीने डोळे मिटून घेतले.

रणांगण म्हटल्यावर माझ्या मनात तटबंदी, तोफा असलं काहीतरी होतं. इथे निघाली शाळा. इमारती, मैदान, पार्किंग, एक जुनं लाकडी ओंडक्यांचं घर आणि त्याच आवारात मेलेल्या माणसांची सामुदायिक कबर. रविवार होता म्हणून चिटपाखरू नव्हतं. बाकडंही नव्हतं, माझे गुडघे त्यावर बरंच काही बोलले.

इथे २० जून १७८० ला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली एक लढाई झाली. मे महिन्यात चार्ल्सटन बंदर इंग्रजांच्या हाती पडलं होतं, त्यामुळे इंग्लंडच्या राजाच्या बाजूच्या लोकांना जोर चढला होता. याच भागातला जॉन मूर इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेतून एक निरोप घेऊन घरी आला. पीक हाती येईपर्यंत गप्प बसा, असा तो निरोप. पण गप्प कोण बसतंय! डेरिक रॅमसोरच्या गिरणीपाशी तेराशेच्या आसपास माणसं गोळा झाली. त्यातल्या पावएक लोकांकडे हत्यारच नव्हतं. त्यांच्यावर फ्रान्सिस लॉकचे चारशे देशभक्त, म्हणजे स्वातंत्र्याच्या बाजूचे लोक, रात्रभर चालून पहाटेच्या धुक्यात येऊन आदळले. इंग्रजांची पलटण मैदानात नव्हतीच. दोन्हीकडे तिथलेच शेतकरी, बरेचसे एकमेकांच्या ओळखीचे. भाऊबंदकी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण इतकी उघडीवाघडी मी पाहिली नव्हती.

गणवेश कुणालाच नाही. म्हणून राजाच्या माणसांनी टोपीत हिरवी डहाळी खोचली आणि देशभक्तांनी पांढऱ्या कागदाचा तुकडा. मला तर वाटतं, डोक्यावर पांढरा कागद लावणं म्हणजे समोरच्याच्या नेमाची सोयच. आणि झटापटीत डहाळी गळाली, कागद उडाला, की कोण कुणाचा? काही जण बंदुकीच्या दस्त्यांनी एकमेकांची डोकी फोडत होते. शेवटी राजाचे लोक ओढ्यापलीकडे पळाले. मेले दोन्हीकडचे मिळून सत्तरच्या आसपास.

जावई चढण कुठली, तळं कुठलं ते दाखवत होते. मी मात्र त्या दिवसाच्या दुपारी अडकले होते. बातमी पसरली तशा आसपासच्या बायका, आया, मुली आपापली माणसं शोधत टेकडीवर आल्या. कपडे सगळ्यांचे सारखेच, घरी विणलेले. कितीतरी देह ओळखूच आले नाहीत, मग कोण कुठल्या बाजूचा हे न बघता एका खड्ड्यात पुरले. जूनच्या उकाड्यात एकेक तोंड वळवून बघत जाणारी बाई, आणि शेजारच्या प्रेताशी वाकलेली तिची शेजारीण, जिच्या नवऱ्याने कदाचित हिच्या मुलावर गोळी झाडली असेल. दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील? फलकावर ते कुठून असणार.

कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा भेटले. आम्ही इतक्या लांबचे आहोत कळल्यावर खुलले. म्हणाले, "आमचे पूर्वज दोन्हीकडून लढले. पण शाळेच्या निबंधात आम्ही जिंकलेल्यांवरच लिहायचो." मग त्यांनी कुत्र्याचं सगळं दुखणंखुपणंही सांगितलं. आमची पंधरा मिनिटं कधीच संपली होती.

याच गिरणीपाशी जानेवारी १७८१ मध्ये खुद्द कॉर्नवॉलिस आला आणि शत्रूचा पाठलाग जलद व्हावा म्हणून त्याने स्वतःच्या सामानाच्या गाड्या जाळल्या. हे ऐकल्यावर मला राहवेना. हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. मे १७९१ मध्ये टिपू सुलतानावर चालून गेला असताना श्रीरंगपट्टणला बैल मेले, धान्य संपलं, तेव्हा मोठ्या तोफा निकामी करून तो माघारी निघाला. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन भेटले, म्हणून त्याच्या उपाशी फौजेला मराठ्यांच्या छावणीच्या बाजारात धान्य मिळालं. भाव अर्थात अव्वाच्या सव्वा. जावयांना हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे गाडीत बसेपर्यंत माझीच बाजू वर होती.

"त्यांना निदान मिळालं तरी," लेक मागच्या सीटवरून म्हणाली. तीन वाजून गेले होते आणि आम्ही गाडी थांबवली ती दोन्ही हॉटेलं बंद होती.