तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन झालं की वस्ती झाली का?

खानापूरच्या बसस्टँडवर भेटलात तरी तोच प्रश्न, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलात तरी तोच: "सर, फ्युजनचं इंजिन झालं की मंगळावर वस्ती होणार न्हवं?" मी जरा थांबलो की लगेच पुढचं, "तुम्हीच सांगत होतासा की ओ." सांगत होतो. 24 सप्टेंबर 2014 ला मंगळयान कक्षेत पोचलं त्या दिवशी, तुमच्यातलं कोणीतरी तिथं राहील, असं मी नववीच्या वर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं. आज तसं म्हणवत नाही, आणि त्याला कारण इंजिन नव्हे.

इंजिनाचं आधी उरकतो. फ्युजन म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं एकत्र जोडून ऊर्जा मिळवणं. आजच्या रॉकेटने मंगळ सहा-सात महिन्यांच्या वाटेवर आहे. फ्युजनच्या कागदावरच्या आराखड्यांत तो दोन-तीन महिन्यांवर येतो, वाटेतलं अंतराळातलं घातक प्रारणही तेवढं कमी सोसावं लागतं. पण ड्युटेरियम-ट्रिटियमच्या (हे हायड्रोजनचे जड प्रकार) अभिक्रियेतली 80 टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात, आणि न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे चुंबकाने त्याला हवं तिकडे वळवून यानाला ढकलायला वापरता येत नाही. हेलियम-3 हा हेलियमचा हलका प्रकार वापरला तर हा त्रास बराच कमी होतो, पण पृथ्वीवर ते अगदी थोडं मिळतं. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात 'डिडॅलस' या यानाचा आराखडा झाला, त्यात ते गुरूच्या वातावरणातून काढून आणायचं ठरलं होतं. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत लेसरचे 2.05 मेगाज्यूल देऊन फ्युजनचे 3.15 मेगाज्यूल मिळाले. ते लेसर चालवायला मात्र सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली. तरीही हे इंजिन कधीतरी होईल, असं मला मनापासून वाटतं.

माझं अडलंय ते एका बरणीपाशी.

जुलै 2017. विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीतल्या एका मुलीने 'मंगळघर' केलं होतं. काचेची मोठी बरणी, तळाला ओढ्याचा गाळ, त्यात पाणवनस्पती, दोन बारके मासे, आणि झाकणाच्या कडेने मेण. पहिले पाच दिवस पानांवर बुडबुडे दिसायचे. मग आपल्याकडचा पाऊस लागला. कणकुंबीकडचं आभाळ चार दिवस उघडलं नाही, प्रयोगशाळेत दुपारी बाराला दिवा लावावा लागे, आणि करंट नव्हता. अंधारात वनस्पती ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरते. गाळातले जिवाणूही वापरतात. नवव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. ती धावत आली, "सर, झाकण काढू काय ओ?"

मी नको म्हणालो. "मंगळावर झाकण काढता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी काल काढणार होतो. तुम्ही नको म्हणलासा."

प्रयोग म्हणजे प्रयोग, नियम मोडला असता तर ती काय शिकली असती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं नाही. पण प्रदर्शन तीन दिवसांवर होतं आणि 'बारा दिवस बंद' असं कार्डावर लिहायची हाव मला होती, हेही तितकंच खरं. तिने प्रदर्शनातून नाव काढून घेतलं.

नंतर अमेरिकेत ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-2 या बंदिस्त वस्तीच्या प्रयोगाबद्दल पुन्हा वाचायला घेतलं. तीन एकरांहून थोडी जास्त जागा काचेखाली, 1991 ते 1993 आठ माणसं आत. सुपीक मातीतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला, त्यातून झालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषला, आणि हवेतला ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून 14.5 वर आला. जानेवारी 1993 मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. त्यांनी झाकण काढलं, आणि बरं केलं. बाहेर पृथ्वी होती. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, तिथं बाहेरून घ्यायचं काय?

माझ्या जागी 2014 चा मी असतो तर लगेच म्हणालो असतो: फ्युजन आलं की वीज आली, बरणीवर दिवा लागला असता, मासे जगले असते. याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. 2018 मध्ये मंगळावरच्या धुळीच्या वादळाने ऊन अडवलं आणि तिथं फिरणारी, उन्हावर चालणारी ऑपॉर्च्युनिटी गाडी कायमची गप्प झाली. तिच्याजवळ उन्हाशिवायची वीज असती तर ती त्या वादळातून निभावली असती. म्हणजे वस्तीला फ्युजन इंजिनापेक्षा दिव्यासाठीच जास्त लागेल, इथवर मी येतो. पण बायोस्फिअर-2 मध्ये वीज गेली नव्हती. तिथं चुकला होता तो माती, माणूस आणि काँक्रीट यांचा हिशोब, आणि तो कुठल्याच इंजिनात बसत नाही. मग तो बसवायचा तरी कुठे, हे मला अजून सापडलेलं नाही.

यंदा जूनमध्ये पुन्हा बरणी बंद केली आहे. या वेळी मासे नाहीत. गोगलगायी आहेत, वर इन्व्हर्टरवरचा एलईडी. मेण लावलेलं नाही. शेजारच्या वहीत मुलं रोजची नोंद करतात, आणि झाकण कधी काढायचं ते त्यांनी ठरवायचं, असं पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.