कानाचा ड्रॉप पडद्याच्या अलीकडंच थांबतो

पाऊस लागला की आमच्या मेडिकलमध्ये सर्दीच्या औषधांच्या मागोमाग कानाचे ड्रॉप खपायला लागतात. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे एकदा धरला की राजाराम बंधारा पाण्याखाली गेला तरी थांबायचं नाव नाही, घराघरात पंख्याखाली ओले कपडे आणि प्रत्येक घरात नाक गळणारं एक तरी पोरगं. मग माणसं चिठ्ठी न घेताच येतात, "वहिनी, पोराच्या कानाला ड्रॉप द्या." कुठला? "कुठला पण द्या की, मागं नेला होता बघा निळ्या खोक्यातला."

आता निळ्या खोक्यात मळ मऊ करायचा ड्रॉप येतो, बुरशीचा येतो, अँटिबायोटिकचा पण येतो आणि तिन्हींची कामं वेगळी. आणि ज्या पोराच्या पडद्याला भोक आहे त्याच्या कानात जेन्टामायसिन किंवा निओमायसिन असलेला ड्रॉप गेला तर आतल्या कानाला इजा व्हायचा धोका असतो, म्हणजे ऐकायला यावं म्हणून घातलेलं औषधच ऐकणं घालवायचं. भोक आहे का नाही हे मला काउंटरच्या अलीकडून दिसत नाही हो. म्हणून मी देत नाही, मग गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, जाऊ दे.

पण खरं सांगायचं ते हे नाही. लहान मुलांना कमी ऐकू येण्याचं जे सगळ्यात जास्त दिसणारं कारण आहे ना, तिथपर्यंत ड्रॉप पोचतच नाही. कुठलाच. अगदी महागातला पण नाही. पडदा धड असला की बाहेरून कानात जे काय घालाल ते पडद्याशी थांबतं. आणि पाणी साठलेलं असतं पडद्याच्या मागं.

पडद्यामागं एक छोटी पोकळी असते, तिच्यात हवा असते, आणि तिथून एक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते, युस्टेशियन ट्यूब म्हणतात. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि आत ताजी हवा जाते. मोठ्या माणसात ही नळी तिरकी असते, पोरांच्यात आखूड आणि जवळजवळ आडवी. त्यात भर म्हणजे तिच्या तोंडाशीच अ‍ॅडिनॉइड असतात, म्हणजे नाकाच्या मागं टॉन्सिलसारख्याच गाठी, तीन ते सात वर्षांच्या दरम्यान ते चांगले फुगलेले असतात, पुढं वयात येताना आपोआप बारीक होतात. सर्दी झाली, नळी तुंबली, आतली हवा शोषली गेली की त्या जागी पाणी झिरपतं आणि हळूहळू गोंदासारखं घट्ट होतं. डॉक्टर लोक याला सरळ ग्लू इअर म्हणतात. पडदा नीट हलत नाही आणि आवाज आत दबका जातो. गोची ही की यात बहुतेक वेळा दुखत नाही. दुखणारा कान वेगळा, त्यात ताप, रात्रभर रडणं, ते पोर स्वतःच घर डोक्यावर घेतं आणि आई-बाप सकाळी दवाखान्यात असतात. न दुखणारा कान महिनोन्महिने तसाच राहतो.

परवा एक आजी आल्या, गंगावेशेतल्या.

"मळ काढायचा ड्रॉप हाय का वो? नातवाच्या कानात लई मळ साठलाय."

"कशावरनं म्हणता आजी?"

"आवो टीव्हीचा आवाज वाढवतंय सारखं, हाक मारली तर वळून बघत न्हाई. बाई म्हणत्यात शाळंत तंद्रीत असतंय."

"झोपताना तोंड उघडं असतं का त्याचं?"

"घोरतंय की! आज्ज्यागत!" आणि मग माझ्याकडं संशयानं बघून, "तुमास्नी कुणी सांगितलं?"

कुणी सांगायला कशाला पाहिजे. घोरणं, तोंडानं श्वास, सारखी सर्दी आणि टीव्ही मोठा, हे सगळं एकत्र आलं की कानाचं तपासून घ्यायचंच. मळाचं म्हणाल तर कान स्वतःचा मळ स्वतः बाहेर ढकलत असतो, आपण बड घालून तो आत ठासतो. आजींना मी ड्रॉप न देता कान-नाक-घसा डॉक्टरांकडं जा म्हटलं, त्यांना ते फारसं पटलं नाही, पण सुनेचा नंबर दिला, तिला मी नीट सांगितलं.

हे मला एवढं माहीत असायचं कारण दुकान नाही, माझी पुतणी. पाच वर्षांची, बोलायला चुरूचुरू, पण शब्दांची शेपटं खायची. "काय?" हा तिचा ठरलेला शब्द. भाऊ म्हणायचा लक्ष नसतं तिचं, आई म्हणायची लाडावलीय. तिला तपासायला नेलं तेव्हा मी पण गेले होते बरोबर, उगाच नाही, मला बघायचं होतं ते मशीन.

आधी टिम्पॅनोमेट्री. कानात रबरी टोक असलेला एक छोटा प्रोब घालतात, हवेचा दाब थोडा कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते कागदावर येतं. एका कानाला मिनिटभर पण लागत नाही, दुखत तर अजिबात नाही. चांगल्या कानाचा आलेख मध्ये टोक काढून वर जातो. पुतणीच्या दोन्ही कानांच्या रेघा सपाट. टाइप बी, म्हणजे पडदा हलतच नाही, म्हणाल्या ऐकणं तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम. मग आवाजाची तपासणी, त्या बंद खोलीत, हेडफोन लावून. एवढ्या लहान पोराला "आवाज आला की बटण दाब" सांगून कुठं जमतंय, म्हणून खेळ करतात, हातात एक ठोकळा, तो कानापाशी धरायचा, आवाज आला की बादलीत टाकायचा. पहिले ठोकळे पटापट पडले. मग मॅडम आवाज कमी करत गेल्या तशी ती ठोकळा कानाला धरून नुसती बसली, काचेतून आमच्याकडं बघत, टाकू का नको अशा तोंडानं. माझ्या शेजारी भाऊ उभा होता, तो एकदम म्हणाला, "आगं टाक की." आवाज त्याला स्पीकरमधून ऐकू येत होता, तिला येतच नव्हता.

तीस डेसिबलच्या आसपास तूट निघाली. हा आकडा ऐकून लोक म्हणतात एवढंच ना. एवढंच नाही. साधं समोरासमोर बोलणं असतं साठ डेसिबलच्या आसपास, त्यातले तीस गेले की कुजबुजीएवढंच उरतं. घरात शेजारी बसून बोललं तर कळतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पण वर्गात पत्र्यावर पाऊस, डोक्यावर पंखा, चाळीस पोरांचा कालवा, बाई फळ्याकडं तोंड करून सांगतायत, तिथं स, श, फ असली हलकी अक्षरं गळूनच जातात. पोरगी अंदाजानं वाक्य पुरं करते, अंदाज चुकला की बाई म्हणतात लक्ष नाही. आणि मग घरचे ट्यूशन लावतात! कान तपासायच्या आधी ट्यूशन, हे मला खरंच कळत नाही.

तर डॉक्टरांनी काय औषध दिलं? जवळजवळ काहीच नाही. म्हणाले तीन महिने थांबू, बऱ्याच मुलांचं हे पाणी आपोआप जातं, परत तपासू, तोवर शाळेत पुढच्या बाकावर बसवा, टीव्ही बंद करून समोर बसून बोला. भाऊ बाहेर आल्यावर वैतागला, एवढी फी घेतली आणि चिठ्ठीवर दोन ओळी नाहीत. मी मेडिकलवाली, माझं पोट चिठ्ठीवर, तरी सांगते, तो डॉक्टर बरोबर होता. ग्लू इअरला सर्दीच्या अँटिहिस्टामिन गोळ्यांचा आणि नाक मोकळं करायच्या सिरपचा उपयोग होत नाही हे पुष्कळ अभ्यासांतून स्पष्ट झालंय, तरी ढिगानं खपतात.

तीन महिन्यांनी परत तपासलं, रेघ सपाटच. मग अ‍ॅडिनॉइड काढले आणि दोन्ही कानांत ग्रोमेट बसवले. ग्रोमेट म्हणजे जेमतेम एक-दीड मिलिमीटर भोकाची नळी, पडद्याला बारीक छेद देऊन बसवतात. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत अडतं, दुसरं पाडलं की सरळ येतं, तसं हे दुसरं भोक, हवा आत जायला. पूर्ण भूल देऊन करतात म्हणून आई घाबरली होती, पण बहुतेक मुलांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडतात. नळी सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात आपोआप निघून पडते आणि भोक बहुतेकांचं बुजतं. घरी आल्या आल्या पुतणीनं मिक्सर लावल्यावर कानावर हात ठेवले आणि आज्जीला म्हणाली, "ओरडू नको."

हे झालं मागं पाणी साठण्याचं, बरं होणारं. जन्मतःच ऐकू न येणं वेगळं, आणि तिथं थांबायचं नसतं. हजारात एक-दोन बाळं अशी जन्मतात. तपासणी आहे, ओएई म्हणतात, झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक प्रोब, आवाज सोडायचा आणि आतल्या कानाकडून येणारा प्रतिसाद मोजायचा, काही मिनिटांचं काम. एक महिन्याच्या आत ही चाचणी, तीन महिन्यांच्या आत नक्की निदान, सहा महिन्यांच्या आत ऐकायचं मशीन लावून सुरुवात, असा जगभर हिशोब धरतात. कागदावर 'रेफर' आलं, म्हणजे प्रतिसाद नीट मिळाला नाही, म्हणून लगेच रडायचं नाही, जन्मताना कानात राहिलेल्या पाण्यानं पण येतं, परत करायची. तेव्हाही रेफर आलं तर बेरा, त्यात कपाळाला आणि कानामागं वायरी लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतोय का ते बघतात, बाळ गाढ झोपलेलं लागतं म्हणून ट्रायक्लोफॉसचं सिरप लिहून देतात. ते सिरप मागायला येणाऱ्या आया मी लगेच ओळखते, गप्प असतात.

बाळ काचेच्या पेटीत बरेच दिवस होतं, कावीळ फार वाढली होती, आईला गरोदरपणात रुबेला झाला होता, घरात कुणी जन्मापासून बहिरं आहे, किंवा नात्यातलं लग्न आहे, तर ही चाचणी सोडूच नका. नात्यातल्या लग्नाचं आपल्याकडं बोलायचं नसतं, मामाची पोरगी करायची पद्धतच आहे, पण डॉक्टरनं विचारलं तर लाजू नका, सांगा. आणि "त्याचा बाप पण उशिरा बोलला हुता" हे वाक्य तर बंदच करा. पैशाचं म्हणाल तर आमच्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला, कान-नाक-घसा विभाग आहे, अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक कानाचं पण बघतं, आणि कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या ऐकायच्या यंत्रासाठी, अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून जन्मतः ऐकू न येणाऱ्या, पाच वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांना मदत मिळते. पाच वर्षांपर्यंतच, कारण भाषा शिकायचं मेंदूचं वय तेच, म्हणून घाई.

आता काउंटरवरची दोन बारीक कामं. चार वर्षांच्या आतल्या पोराला क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं सिरप देऊ नका, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी तसं बाटलीवर छापायलाच लावलंय. घरात जुनी बाटली असेल तर उलटी करून वाचा, अक्षर बारीक असतं. आणि नाक मोकळं करायचे झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप चार-पाच दिवसांच्या वर चालवले की नाक उलट जास्त चोंदतं.

दुसरं, पोराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येतंय तर ती सर्दी नाही, नाकात काहीतरी अडकलंय. चिंचोका, मणी, स्पंजचा तुकडा, काय पण. त्यात वाईट म्हणजे बटण सेल, रिमोटमधला, खेळण्यातला, थर्मामीटरमधला. ओल्या त्वचेला चिकटला की त्याच्या करंटनं तिथं जहाल, भाजणारा क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतलं भाजायला लागतं, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडू शकतं. इथं ड्रॉप अजिबात नको, सलाइनचा पण नाही, पाण्यानं ते वाढतं. काढत बसू नका, रात्र असली तरी तडक दवाखाना.

थर्मामीटरचा सेल संपला की लोक नवा घेतात आणि जुना तिथंच फळीवर ठेवून जातात, खाली पोरं उभी. म्हणून काउंटरवर झाकणाचा एक डबा ठेवलाय, वर मोठ्या अक्षरात लिहिलंय 'जुने सेल इथे'. निम्मा केएमटीच्या, म्हणजे आमच्या सिटी बसच्या, तिकिटांनी भरलाय, पण सेल पण पडतात त्यात.