तीन साक्षीदार आणि मुरूडचा बहिष्कार

लोकांकडे लक्ष देऊ नकोस, असा सल्ला मला आयुष्यात अनेकांनी दिला आहे आणि तो मला कधीच उपयोगी पडलेला नाही. ज्यांच्या घरी आपण हळदीकुंकवाला जातो आणि अडीअडचणीला ज्यांना हाक मारतो, त्यांच्या मताकडे पाठ फिरवून जगणे बहुतेकांना जमत नाही. आणि ज्यांना ते सहज जमते, त्यांच्याबरोबर राहणे इतरांना जड जाते, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून लोकांच्या मताची चिंता सोडायची म्हणजे नेमके काय सोडायचे, हा प्रश्न मला त्या सल्ल्यापेक्षा महत्त्वाचा वाटत आला आहे.

मुलीच्या लग्नाच्या वेळी या प्रश्नाला बगल देणे शक्य राहिले नाही. तिने आणि तिच्या जोडीदाराने नोंदणी पद्धतीने लग्न करायचे ठरवले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याला ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरतात. आमच्या नात्यागोत्यातल्या मंडळींना मात्र कार्यालय, मानपान, रुखवत आणि पंगती यांखेरीज लग्न लागले असे वाटतच नाही. मुलीचा निर्णय मला मनापासून पटला होता. तरीही रात्री झोप लागत नसे, आणि त्या जागरणात जी वाक्ये मला ऐकू येत ती सगळी माझ्याविषयीची असत: हिच्याजवळ पैसे नसतील, हिच्या मुलीने काहीतरी लपवले असेल, घरात हिचे कोणी ऐकत नसेल. लग्न साधेपणाने करणे योग्य की अयोग्य, हा मुद्दा त्या कुजबुजीत कुठेच नव्हता. शिवाय ती वाक्ये अजून कोणी उच्चारलेलीही नव्हती. ती मीच रचत होते आणि ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे एकेका नातेवाइकाच्या तोंडी घालत होते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या ठिकाणी आठवतो. गायक बॅरी मॅनिलो यांचे चित्र असलेला टी-शर्ट घालणे महाविद्यालयातल्या मुलांना लाजिरवाणे वाटे. तोच घालून त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवण्यात आले. जवळजवळ निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आला. हा निष्कर्ष दिलासा देतो खरा, पण तो पुरेसा नाही. टी-शर्ट न पाहणारी ती मुले कोणाच्या नात्यातली नव्हती. जिथे लोक खरोखरच पाहत असतात आणि पाहिलेल्यावर एकमेकांत बोलतात, तिथे कोणाचे लक्ष नाही असे स्वतःला समजावून काय उपयोग?

तशा ठिकाणचे उदाहरण म्हणून मला धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र फार मोलाचे वाटते. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या. कोकणातल्या मुरूडमध्ये या विवाहाची बातमी पोचल्यावर गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ तिथे राहणाऱ्या त्यांच्या कुटुंबालाही लागली. ज्या गावाच्या भल्यासाठी त्यांनी मुरूड फंड उभा केला होता, तेच हे गाव. लोक काय म्हणतील याची कल्पना करण्याची गरजच उरली नव्हती, कारण लोकांनी ते उघडपणे सांगून टाकले होते. कर्व्यांनी विवाहाबद्दल खेद व्यक्त केला नाही आणि गावाशी वैरही धरले नाही.

तथापि मला त्यांची पुढची कृती अधिक विचार करायला लावते. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तेव्हा ते पुनर्विवाहाच्या चळवळीच्या कामातून बाजूला झाले. आश्रमात आलेल्या मुलींचे पुनर्विवाह लावून दिले जातील अशी धास्ती लोकांना वाटली असती, तर विधवा मुलींना शिकायला पाठवायला पालक तयार झाले नसते, हे त्यांनी ओळखले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ही माघार वाटू शकते. मला तसे वाटत नाही. लोक आपल्याविषयी काय म्हणतात याला त्यांनी किंमत दिली नाही. लोकांच्या म्हणण्याने त्या मुलींच्या शिक्षणाचे काय होईल, याचा मात्र त्यांनी थंड डोक्याने हिशेब केला.

त्यांचे चिरंजीव रघुनाथ कर्वे यांनी तोही हिशेब करायचे नाकारले. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढल्यावर, त्या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गेल्यावर, आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लेखनाबद्दल अश्लीलतेचे खटले झाल्यावरही त्यांची भाषा मवाळ झाली नाही. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. निकाल विरोधात गेला, तरी १९२७ साली सुरू झालेले मासिक १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. आदर मला मुलाविषयी जास्त वाटतो, पण संसारी माणसाने शिकावे ते वडिलांकडून, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन.

मुलीच्या लग्नाच्या बाबतीत मी तेच करून पाहिले. जी वाक्ये केवळ माझ्या प्रतिष्ठेविषयी होती, त्यांचे खुलासे तयार ठेवणे मी बंद केले. ज्या ठिकाणी कोणी खरोखर दुखावले जाणार होते, तिथे मात्र स्वतः गेले. साताऱ्याच्या आमच्या काकूंनी मुलीला लहानपणी वर्षानुवर्षे सुट्टीत सांभाळले होते. त्यांना ही बातमी चारचौघांकडून कळणे बरे दिसले नसते. त्या म्हणाल्या, “पंगत नको तर नको, पण अक्षता टाकायची हौस होती गं.” हे मत नव्हते, हे दुःख होते, आणि त्याच्यापुढे बेपर्वाईचा आव आणणे उद्धटपणाचे झाले असते. मुलगी आणि जावई लग्नानंतर आधी साताऱ्याला गेले, आणि काकूंनी देवापुढे बसवून त्यांच्यावर हव्या तेवढ्या अक्षता टाकल्या.

बाकीच्यांचे म्हणाल तर, रात्री ऐकू येणाऱ्या वाक्यांपैकी एक पुढे प्रत्यक्षातही ऐकायला मिळाले. एका बारशाला, मला ऐकू जाईल इतक्या बेताच्या आवाजात, एक बाई दुसरीला म्हणाल्या, “पैसे वाचवले हो हिने.” ते मला टोचले आणि घरी येईपर्यंत टोचत राहिले, न टोचण्याइतकी मी पोचलेली नाही. उत्तर मात्र दिले नाही, कारण पैसे खरोखरच वाचले होते आणि मुलीच्या भाड्याच्या घराच्या अनामत रकमेसाठी आम्ही ते केव्हाच देऊन टाकले होते.